पटिंग : आधी वेग, मग दिशा

अडीचशे यार्डांवर भिरकावलेला जोरकस फटका आणि होलच्या तोंडाशी थांबलेला चेंडू आत ढकलण्याचा हलका फटका, या दोहोंची किंमत गोल्फच्या स्कोअरकार्डवर सारखीच असते. ७२ पारच्या मैदानावर प्रत्येक होलसाठी ग्रीनवरचे दोन फटके, म्हणजेच दोन 'पट', गृहीत धरलेले असतात. ७२ पैकी ३६ फटके अशा रीतीने पटरनेच मारावयाचे असतात. हौशी खेळाडूंचा सराव मात्र बहुतांशी ड्रायव्हरवरच खर्च होतो.

जून २०२४ मध्ये पाइनहर्स्ट येथे झालेल्या यूएस ओपन स्पर्धेत रोरी मॅकिलरॉयने अखेरच्या दिवशी सोळाव्या होलवर अडीच फुटांचा आणि अठराव्या होलवर चार फुटांहूनही कमी अंतराचा पट दवडला. ब्रायसन डीशॅम्बोने ती स्पर्धा अवघ्या एका फटक्याने जिंकली. जगातील अव्वल खेळाडूची ही गत होत असेल, तर रविवारी सकाळी क्लबवर खेळणाऱ्याने निराश होण्याचे कारण नाही. मात्र आपले फटके नेमके कुठे वाया जातात, हे त्याने पाहिले पाहिजे.

बहुतेकांचा समज असा, की पट हुकतो तो दिशा चुकल्यामुळे. तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेच्या पीजीए टूरवरील व्यावसायिक खेळाडूदेखील आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट यशस्वी करतात. वीस फुटांवरून हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे लांबच्या अंतरावरून चेंडू थेट होलमध्ये जाणे हा अपवाद. तिथे खरे काम असते ते चेंडू होलच्या इतका जवळ नेण्याचे, की दुसरा पट सोपा व्हावा. तीस फुटांवरून दिशेतील चूक सहसा दोन-तीन फुटांपलीकडे जात नाही. वेगाचा अंदाज चुकला, तर चेंडू सहा-सात फूट अलीकडे वा पलीकडे थांबतो. तीन पटांचा अपव्यय होतो तो इथे.

वेगाचा दिशेशीही संबंध आहे. होलचा व्यास सव्वाचार इंच, तर चेंडूचा १.६८ इंच. चेंडू संथ गतीने आला तर काठाला लागूनही आत पडतो. वेगात आला तर त्याच काठावरून गिरकी घेऊन बाहेर जातो. जोर जितका अधिक, तितके होल जणू लहान होत जाते. फारच हळू मारलेला चेंडू मात्र पोहोचतच नाही. पटिंगचे अभ्यासक डेव्ह पेल्झ यांनी प्रयोगांती सुचवलेले माप असे : होल झाकलेले असते तर चेंडू त्याच्यापुढे साधारण १७ इंचांवर थांबावा, इतका जोर योग्य.

उतारावर तर वेग ठरल्याशिवाय रेषा ठरतच नाही. चेंडू मंदावू लागला की वळण वाढते. त्यामुळे होलजवळचा उतार अधिक बारकाईने पाहावा. हौशी खेळाडू हे वळण बहुधा कमी धरतात आणि त्यांचा चेंडू होलच्या खालच्या बाजूने निघून जातो. सकाळचे दव, गवताची कापणी आणि उष्ण प्रदेशातील बर्म्युडा गवताच्या पात्यांचा कल यांनीही वेग बदलतो.

वेगाचा सराव होलविना करावा. वीस, तीस आणि चाळीस फुटांवर टी रोवून प्रत्येकीजवळ चेंडू थांबवण्याचा प्रयत्न करावा. अंतर वाढेल तसा पटर मागे नेण्याचा पल्ला वाढवावा. मनगटाने अधिक जोर लावू नये. खांदे आणि हात एकत्र, लंबकासारखे हलावेत.

चार फुटांच्या आत प्रश्न बदलतो. इथे दिशाच निर्णायक, आणि चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यत्वे आघाताच्या क्षणी पटरचा चेहरा कुठे वळला आहे, यावर ठरते. दहा फुटांवरून त्यात एक अंशाची चूक झाली, तरी चेंडू होलच्या मध्यापासून दोन इंच सरकतो. पटरच्या रुंदीपेक्षा किंचित अधिक अंतरावर दोन टी रोवून त्यांमधून पटर न अडखळता नेणे, हा यावरचा जुना आणि उत्तम व्यायाम. शहरातील फ्लॅटमध्येही काम भागते : फरशीवर दोन-तीन फुटांवर रुपयाचे नाणे ठेवावे आणि चेंडू त्यावरून न्यावा. मात्र फरशीवरून वेग शिकता येत नाही. चेंडू कुठे गेला हे पाहण्यासाठी मान लगेच उचलण्याची सवयही मोडावी लागते. जवळचा पट आत पडल्याचा आवाज कानांनी ऐकावा.

नवा, महागडा पटर घेऊन यातले काही सुधारते, असा अनुभव क्वचितच येतो. त्याची लांबी उंचीला साजेशी असावी, एवढे पाहणे पुरे. लांब दांड्याचा पटर वापरता येतो. पण तो छातीला वा पोटाला टेकवून मारण्यास १ जानेवारी २०१६ पासून नियमांनी बंदी आहे.

फेरीपूर्वी दहाच मिनिटे मिळत असतील, तर त्यातली सात लांबच्या पटांना द्यावीत, कारण त्या दिवशीच्या ग्रीनचा वेग त्यांतूनच कळतो. उरलेल्या तीन मिनिटांत दोन-तीन फुटांवरून चेंडू आत टाकत राहावे आणि पहिल्या टीकडे निघावे.