टेपवर नाव घातलंय का?

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपने एक शॉर्ट डॉक्युमेंटरी करायला घेतली होती. विषय होता, बंद पडलेलं एक सिंगल स्क्रीन थिएटर. तिथे आयुष्यभर प्रोजेक्टर चालवलेल्या काकांची आम्ही ४० मिनिटांची मुलाखत शूट केली. काका भन्नाट बोलले. रीळ मध्येच तुटल्यावर पब्लिकने घातलेला गोंधळ सांगताना तर स्वतःच इतके हसले, की कॅमेरा धरलेला मित्रही हलायला लागला.

फुटेज हार्ड डिस्कवर टाकलं आणि डिस्क एडिटिंग लॅबच्या कपाटात ठेवली. त्याच कपाटात तशाच काळ्या, तेवढ्याच आकाराच्या आणखी तीन डिस्क होत्या. एकीवरही काही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ज्युनिअर्सना शूटसाठी डिस्क हवी होती. त्यांनी एक उचलली, ‘जुनंच काहीतरी दिसतंय’ म्हणून फॉरमॅट केली आणि वर नवं शूट चढवलं. ती आमची होती.

रागावणार कुणावर? कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. डिस्कवर नाव नव्हतं, एवढंच. आम्ही काकांकडे पुन्हा गेलो. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. फक्त ते हसू काही पुन्हा आलं नाही.

टेप? अजून?

हे सगळं डोक्यात असतानाच इंटर्नशिपच्या निमित्ताने मुंबईतल्या एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये जायला मिळालं. तिथे बॅकअपचं काम बघणाऱ्यांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून आपण त्यांना दादाच म्हणू. त्यांनी कपाट उघडलं आणि मी विचारलं, “दादा, टेप? अजून वापरतात?”

“अगं, तुझं जीमेलसुद्धा टेपनेच वाचवलंय,” दादा म्हणाले.

खरंच आहे ते. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या बगमुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के युजर्सचे मेल गायब झाले. गुगल डेटाच्या अनेक कॉपी ठेवतं, पण हा बग त्या कॉपींपर्यंतही पोहोचला. टेप मात्र ऑफलाइन होत्या, त्यामुळे त्यांना धक्का लागला नाही. त्यांच्यावरून मेल परत आणले गेले. जी वस्तू वायरला जोडलेलीच नाही, तिला व्हायरस, हॅकर किंवा चुकीची कमांड काय करणार?

आणि ही टेप म्हणजे आईबाबांच्या गाण्यांची कॅसेट नव्हे. एलटीओ प्रकारची ही कार्ट्रिज तळहातावर मावते. नवव्या पिढीच्या एका कार्ट्रिजमध्ये एक किलोमीटरहून लांब टेप गुंडाळलेली असते आणि तीत १८ टेराबाइट डेटा बसतो. म्हणजे २५६ जीबीचे जवळजवळ ७० फोन!

लेबलवर काय लिहायचं?

मला वाटलं होतं, लेबलवर ‘पगार, मार्च’ असं काही लिहिलेलं असेल. प्रत्यक्षात प्रत्येक टेपवर नुसता बारकोड होता. आधी सहा अक्षर-अंकांचा नंबर आणि शेवटी ‘एल ९’ अशी टेपच्या पिढीची खूण. मोठ्या ठिकाणी टेप लायब्ररी नावाचं यंत्र असतं. त्यातला रोबोटचा हात हा बारकोड वाचून हवी ती टेप उचलतो. ड्राइव्ह साफ करायच्या टेपचा नंबर ‘सीएलएन’ने सुरू होतो, म्हणजे यंत्र तिच्यावर डेटा लिहायला जात नाही.

“पण मग आत काय आहे, ते कसं कळणार?”

“लेबलवर ओळख लिहायची, माहिती नाही,” दादा म्हणाले. कारणं साधी आहेत. टेप पुन्हा पुन्हा वापरली जाते, आतला डेटा बदलत राहतो. दर वेळी नवं लेबल कुठे चिकटवणार? शिवाय ‘पगार’ लिहिलेली टेप वाटेत हरवली, तर सापडणाऱ्याला आपणच पत्ता दिल्यासारखं. म्हणून नंबर टेपवर आणि हिशेब कॅटलॉगमध्ये. कुठल्या नंबरच्या टेपवर काय आहे, कधी लिहिलं, कधीपर्यंत पुसायचं नाही आणि टेप आत्ता कुठे आहे, हे सगळं त्यात. एक नंबर दोन टेपना कधीच द्यायचा नाही. लेबल फक्त त्याच्या खाचेतच चिकटवायचं. दुसरीकडे लावलेला कागद सुटून ड्राइव्हमध्ये अडकू शकतो. आणि हो, कॅटलॉगचाही बॅकअप ठेवायचा. नाहीतर कपाटभर टेप असूनही आपण आंधळेच.

टेपच्या पाळ्यांना या धंद्यात चक्क ‘आजोबा-वडील-मुलगा’ पद्धत म्हणतात. रोजच्या टेप म्हणजे मुलं, त्या दर आठवड्याला पुन्हा वापरात येतात. आठवड्याची टेप म्हणजे वडील, ती महिनाभर थांबते. महिन्याअखेरची टेप म्हणजे आजोबा, त्यांना बराच काळ कुणी हात लावत नाही. आजोबांचा मुक्कामही दुसऱ्या इमारतीत. २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलेल्या मुंबईकराला याचं कारण सांगायला नको.

चंद्रावरची टेप

आमच्या ग्रुपचा गाढवपणा मी दादांना सांगितला. ते म्हणाले, “मग तुम्ही नासाच्या पंक्तीला बसलात.”

घरी येऊन वाचलं. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावरून पाठवलेलं चित्र नेहमीच्या टीव्हीच्या फॉरमॅटमध्ये नव्हतं. जमिनीवरच्या केंद्रांत ते बदलून प्रसारित केलं गेलं आणि त्यात त्याचा दर्जा बराच घसरला. मूळ, जास्त स्पष्ट सिग्नल डेटा टेपवर वेगळा रेकॉर्ड झाला होता. प्रसारणात काही अडचण आली तर हाताशी असावा म्हणून. प्रसारण नीट पार पडलं, त्या टेप इतर हजारो टेपसोबत गोदामात गेल्या.

पुढे नासाला टेपचा तुटवडा भासला. १९७० आणि ८० च्या दशकांत जुन्या टेप मोठ्या संख्येने पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. अनेक वर्षांनी निवृत्त इंजिनीअर्स या टेप शोधायला निघाले. २००९ मध्ये नासाने निष्कर्ष जाहीर केला: बहुधा त्याही पुसल्या गेल्या. आज आपण बघतो ते प्रसारणाच्या कॉपींवरून सुधारलेलं चित्र आहे.

तिथेही कुणी वाईट माणूस नव्हता. हजारो सारख्या टेपमध्ये ‘ही वेगळी आहे, पुसू नका’ असं सांगणारं काही नव्हतं. आमच्या लॅबच्या कपाटात तरी वेगळं काय झालं होतं?

उघडून बघितलंय का?

निघताना दादांनी अजून एक गोष्ट दाखवली. दर थोड्या दिवसांनी ते कुठलीही एक टेप काढून त्यावरची फाइल खरोखर परत येते का, ते बघतात. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबच्या एका इंजिनीअरने चुकून चालू डेटाबेस डिलीट केला. बॅकअपचे एक-दोन नाही, पाच मार्ग होते, आणि एकही नीट कामाला आला नाही. सुदैवाने सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक कॉपी होती, तिच्यावर निभावलं. ‘बॅकअप आहे’ हे उघडून बघेपर्यंत खरं नसतं.

आपण काय करायचं?

आपल्याकडे रोबोट नाही, पण मार्कर आणि वही तर आहे!

• प्रत्येक डिस्क आणि पेन ड्राइव्हला एक नंबर द्या. तो फक्त तिचाच.
• वहीत किंवा शीटमध्ये त्या नंबरसमोर लिहा: काय आहे, तारीख, कुणाचं, कधीपर्यंत पुसायचं नाही.
• ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ बंद. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. यादी आपोआप क्रमाने लागते.
• ३-२-१ लक्षात ठेवा: तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.
• महिन्यातून एकदा एखादी जुनी फाइल उघडून बघा.
• नंबर नसलेली डिस्क फॉरमॅट करायची नाही. आधी विचारायचं.

आमच्या आजीच्या स्टीलच्या प्रत्येक भांड्यावर नाव आणि तारीख घातलेली आहे. लग्नकार्यात पन्नास घरांची भांडी एकत्र झाली, तरी तिची परात तिच्याकडे परत येते. आम्ही मुलं हसायचो त्याला.

आता लॅबच्या कपाटातल्या चारही डिस्कवर नंबर आहेत आणि दाराच्या आत एक यादी चिकटवली आहे. काकांची दुसरी मुलाखत १ नंबरवर आहे. तिची एक कॉपी क्लाउडवर आणि एक माझ्या घरी आहे. पहिली मुलाखत यादीत कुठेच नाही.