नागीण नव्हे, घर्मग्रंथीची गाठ

अंगाच्या एकाच बाजूला काही उठलं की घरातलं जाणतं माणूस म्हणतं, 'नागीण आहे.' तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीतीही पाठोपाठ येते. ती खोटी आहे. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि त्याच तंतूच्या हद्दीत उसळतो. नागीण शरीराची मधली रेघ सहसा ओलांडत नाही. मात्र तिच्यात आग होते, फोड येतात, आणि विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या.

पण छातीच्या किंवा मानेच्या एकाच अंगाला एक ते तीन मिलिमीटरचे, कातडीच्याच रंगाचे दाणे आले, दुखेनात आणि वर्षानुवर्षं जाईनातही, तर? तो सिरिंगोमा असू शकतो. घाम वर आणणाऱ्या नळीच्या पेशींपासून झालेली ही साधी गाठ, कर्करोग नव्हे. एरवी ती दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापण्यांवर दिसते, बायकांमध्ये जास्त. एकाच बाजूला येणं दुर्मीळ.

बीडमधल्या ऊसतोडीच्या फडात घाम निथळतो म्हणून या गाठी होतात, असं कोणी म्हणेल. पण घाम काही एक बाजू धरून येत नाही. उत्तर बहुधा जन्माआधीचं आहे. १९०१ साली आल्फ्रेड ब्लाश्को या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानं शंभराहून अधिक रुग्णांच्या अंगावरचे त्वचाविकारांचे पट्टे कागदावर उतरवले. ते ना मज्जातंतूंशी जुळले, ना रक्तवाहिन्यांशी. गर्भात त्वचेच्या पेशी ज्या वाटांनी पसरतात, त्यांच्या त्या खुणा असल्याचं आता मानलं जातं. सुरुवातीच्याच एका पेशीत जनुकीय बदल झाला, तर तिचा सगळा वंश एकाच पट्ट्यात राहतो. एकतर्फी सिरिंगोमाचंही असंच असावं, असा तर्क आहे.

नुसतं पाहून चपट्या चामखिळींशी गल्लत होते. मग अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी त्वचेचा तुकडा तपासून घ्यावा. सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांसारख्या बारीक नळ्या दिसल्या की शंका फिटते.

लेझरनं किंवा विजेच्या सुईनं दाणे जाळता येतात. पण ते परत उगवू शकतात आणि सावळ्या कातडीवर डाग राहू शकतो. मी तर तसेच राहू द्या म्हणेन. दाबल्यावर कळ येणारी गाठ मात्र निराळी. ती स्पायराडेनोमा ही घर्मग्रंथीचीच दुसरी गाठ असू शकते, आणि ती कापूनच काढतात.