वळणावरचा झोका आणि जाड बारचा मोह

शुक्रवारची रात्र. ऑफिस सुटलेलं, प्लॅन ठरलेला, नाशिक! आम्ही चौघं, डिकीत बॅगा आणि घरची जुनी सेदान. कसारा घाटातल्या एका वळणावर आमच्या २००५च्या ऑक्टाव्हियाने असा काही झोका घेतला, की मागच्या सीटवरची मैत्रीण चिप्सच्या पाकिटासकट दारावर जाऊन आदळली. कुणाला लागलं नाही. सगळे हसलेसुद्धा. पण भिवंडीला परत आल्यावर रात्री दोनपर्यंत मी नेटवर जाड अँटी-रोल बारच्या किमती बघत बसले होते.

ही गाडी बाबांची. सेकंड हँड घेतली तेव्हा मी दहावीत होते. २००१ पासून औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडल्या गेलेल्या या पहिल्या ऑक्टाव्हियाचे फॅन अजूनही कमी नाहीत. तिचा सांगाडा फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फचाच. त्यामुळे आयबाख, एच अँड आर अशा जर्मन कंपन्यांचे जाड बार तिला मिळू शकतात. इथेच तर मोह सुरू होतो ना!

आता हा बार म्हणजे नक्की काय प्रकरण? गॅरेजमध्ये त्याला स्टॅबिलायझर रॉड म्हणतात. 'यू' आकाराचा स्प्रिंग स्टीलचा दांडा. मधला भाग रबरी बुशमध्ये धरून गाडीच्या खाली बांधलेला, दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली. आयडिया तशी शंभरी ओलांडलेली, कॅनडाच्या स्टीफन कोलमनला तिचं पेटंट मिळालं १९१९ मध्ये. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर उचलली, तर दांडा बुशमध्ये नुसता फिरतो, काम शून्य. वळणावर मात्र बाहेरची बाजू दबते, आतली सैल सुटते, दांड्याला पीळ बसतो आणि हा पीळच गाडीला झुकू देत नाही.

मग जाड दांडा म्हणजे जास्त पीळ, विषय संपला? थांबा! हा हिशोब फसवा आहे. दांड्याचा कडकपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा बार काढून २२चा लावलात, तर दिसायला फरक दोन मिलिमीटरचा, पण कडकपणा तब्बल ४६ टक्क्यांनी जास्त. २४चा लावलात तर दुपटीहून थोडा अधिक. म्हणून 'लावतोच आहोत तर सगळ्यात जाड लावू' हा आपला लाडका फंडा इथे चालत नाही. पोकळ बारला नाक मुरडू नका. बाहेरून २४ आणि आतून १६ मिलिमीटरचा पोकळ दांडा भरीव २४च्या जवळपास ८० टक्के कडक असतो आणि वजनाला मात्र ४४ टक्क्यांनी हलका. कुरिअरचं बिल वजनावर लागतं, हे लक्षात ठेवा!

पुढे की मागे?

खरी मेख इथे आहे. जाड बार लावल्याने वळणात बाहेरच्या चाकांवर जाणारा एकूण भार फारसा कमी होत नाही. तो ठरतो गाडीची उंची, चाकांमधलं अंतर आणि तुमचा स्पीड यांवर. त्यातला किती भार पुढच्या टायरने झेलायचा आणि किती मागच्याने, एवढंच बार ठरवतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मुळातच नाकाने जड. तिच्या पुढे आणखी कडक बार लावला, तर पुढचे टायर आधी हात टेकतात. स्टिअरिंग वळवलं तरी नाक आपलं सरळच जात राहतं. मागे कडक बार लावला, तर गाडी मस्तपैकी वळते. फक्त अति केलं, आणि ओल्या घाटात घाबरून मध्येच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तर शेपूट बाहेर! जुलैच्या पावसात, चार जणं गाडीत असताना हा प्रयोग कुणी करावासा वाटतो? मला तरी नाही.

ऑक्टाव्हियात आणखी एक गोष्ट आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या या गाडीच्या मागे टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन चाकांना जोडणारी आडवी तुळईच पीळ खात अर्ध्या बारचं काम करते. अशा गाडीला मागे माफक बार पुरतो. टोकाला दोन-तीन भोकं असलेला ॲडजस्टेबल मिळाला तर उत्तम. सर्वांत टोकाचं भोक सर्वांत मऊ, तिथूनच सुरुवात करा.

आणि हो, आमच्याकडे यंत्रमागांमुळे लेथवाल्यांना तोटा नाही. एकाने मला तसाच दांडा वाकवून द्यायची ऑफरही दिली. साधं लोखंड आणि स्प्रिंग स्टील, दोघांचा कडकपणा जवळपास सारखाच, त्यामुळे पहिल्या दिवशी फरक कळणारही नाही. पण साधं लोखंड लवकर कायमचं वाकतं किंवा तडकतं. नको रे बाबा!

भिवंडी स्पेशल

बार डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधून टाकतो. म्हणजे डावं चाक खड्ड्यात गेलं, की उजवंही दचकतं. कंटेनरवाल्यांनी एका बाजूने खचवलेल्या आमच्या गोदामांच्या रस्त्यांवर, अंजूर फाट्यापासून कल्याण नाक्यापर्यंत, जाड बारवाली गाडी डोलत डोलत चालते. उंटावर बसल्याचा फील फ्री!

५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यात येऊन टेकला. जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाटही टळला. गुळगुळीत, सरळ रस्ता. तिथे खरं तर बारला कामच उरत नाही, पण तिथेच मला पहिल्यांदा एक आवाज ऐकू आला. आमण्याच्या उताराच्या वळणावर, डाव्या बाजूने, खट-खट. भिवंडीत मागांच्या खडखडाटात तो कधी कळलाच नव्हता.

आमच्या नेहमीच्या मेकॅनिकचाचांनी गाडी वर चढवली, पान्याने लिंक रॉड हलवला आणि हसले. लिंकचे दोन्ही जॉइंट ढिले. बुशचं रबर वीस वर्षांत आटून इतकं कडक झालेलं, की त्याच्यात आणि बारमध्ये चक्क फट. म्हणजे वळणावर बार पीळ घ्यायच्या आधी ती फट भरण्यातच वेळ जात होता. ओरिजिनल बार अगदी धडधाकट, नुसता लोंबकळत होता बिचारा! शॉकअप वीक असतील तरी गाडी अशीच पटकन कलंडते, तेही बघून घ्या.

मी पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, असं विचारलं. ते टिकतात, कमी दबतात, पण ग्रीस सुकलं की कुरकुरतात. रोजच्या गाडीला रबरच बरं, असं चाचांचं मत पडलं, आणि मला पटलं. दोन्ही लिंक, दोन्ही बुश, गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचं टाइट. खर्च जर्मन बारच्या तुलनेत किरकोळ. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सेकंड हँड लिंक स्वस्त मिळतील, पण रबराच्या वस्तू जुन्या घेऊ नका, प्लीज.

एक कायद्याची गोष्टही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळे बदल चालणार नाहीत, असं सांगितलंय. पंधरा वर्षांवरच्या गाडीला रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणासाठी फिटनेसला उभं राहावंच लागतं. बार लावणार असाल तर आधी आरटीओत विचारा, इन्शुरन्सवाल्यांना कळवा. क्लेमच्या वेळी त्यांना सरप्राइज देणं परवडत नाही.

मागच्या महिन्यात परत कसारा. मुद्दाम जुन्या रस्त्याने, तेच वळण, तीच मैत्रीण. या वेळी चिप्स पाकिटातच राहिल्या. मागच्या बाजूचा मऊ बार अजून माझ्या विशलिस्टमध्ये आहे, पण तो पावसाळा सरल्यावर, आणि आधी टायर बदलल्यावर. बाबांना यातलं अजून काहीच सांगितलेलं नाही.