भिवंडी व्हाया समुद्र

एक गेम खेळू या. डोक्यात एक प्रांत रचा. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्रीची भिंत, मधे खाड्यांचं जाळं. खाडीच्या तोंडाशी तटबंदीचं शहर, त्यात गोऱ्या साहेबांची चर्चेस आणि वाडे. खाडीतून आत गेलं की शत्रूचा मुलूख, तिथे गुपचूप लढाऊ जहाजं बांधली जातायत. थोडं कारस्थान, दोन वर्षांचं युद्ध, शेवटी राजधानी पडते आणि प्रांत नकाशावरून गायब!

एखाद्या फॅन्टसी कादंबरीला शोभेल असा प्लॉट, नाही? पण मंडळी, हा प्रांत खराखुरा होता. आणि त्याची सीमा जिथे होती, तिथूनच बहुधा तुमचे नवे हेडफोन्स पॅक होऊन निघालेत. वेलकम टू भिवंडी!

उत्तरेचा प्रांत

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यानंतर गोव्याच्या साहेबांनी दमणपासून चौलपर्यंतच्या आपल्या किनाऱ्याला नाव दिलं 'उत्तरेचा प्रांत'. हेडक्वार्टर वसई. ठाणे, साष्टी आणि सुरुवातीला आपली मुंबईसुद्धा यातच. मुंबई पुढे लग्नाच्या करारात इंग्रजांकडे गेली, ती स्टोरी सगळ्यांना पाठ असते. उरलेल्या प्रांताचं मात्र कुणी नावही काढत नाही.

भिवंडी या प्रांतात नव्हती. ती होती खाडीच्या पलीकडच्या काठावर, आधी निजामशाहीत, मग आदिलशाहीत. भिवंडीला कसली आली खाडी, असं वाटत असेल तर एकदा नकाशा उघडा. वसईच्या समुद्रातून निघालेली खाडी घोडबंदर, ठाणे करत थेट कल्याणपर्यंत आत शिरते आणि वाटेत कामवारी नदी भिवंडीचं पाणी तिच्यात आणून सोडते. मागे नाणेघाट आणि थळघाट. म्हणजे गलबतातून उतरलेला माल बैलांवर लादून घाट चढवायला याहून बरी जागा कुठली?

हा फंडा फार जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावं आहेत. पुढे याच किनाऱ्यावर शिलाहारांचं राज्य आलं. भिवंडीजवळच्या लोनाडला डोंगरात लेणी आहेत आणि त्याच परिसरात तेराव्या शतकातला केशिदेव शिलाहाराचा शिलालेखही सापडलाय.

कारागीर पळाले!

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि गोष्टीला खरा ट्विस्ट मिळाला. डोंगरातल्या राजाच्या हाती पहिल्यांदाच खाडी लागली होती. महाराजांनी लगेच जहाजं बांधायला घेतली. पण जहाजबांधणीतले एक्स्पर्ट कोण? तर पोर्तुगीज! मग कामावर घेतले पोर्तुगीज कारागीर.

वसईकर हादरले. कारण सोपं होतं. भिवंडीत बांधलेलं जहाज समुद्रावर न्यायचं तर वाट वसईच्या दारातूनच जाते. १६५९ मध्ये गोव्याच्या गव्हर्नरने थेट पोर्तुगालच्या राजाला कळवलं, की शहाजीचा मुलगा भिवंडी, कल्याण, पनवेलला लढाऊ जहाजं बांधतोय. शेवटी कारागिरांना फितवून परत नेलं गेलं. मोठा प्रोजेक्ट मध्येच असताना अख्खी टीम कॉम्पिटिटरने उचलावी, तसंच! जहाजं मात्र थांबली नाहीत. मराठ्यांचं आरमार याच पाण्यातून उभं राहिलं.

फाट्यावरचं नाव

अंजूर फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही कधी तरी अडकला असाल आणि बसल्या जागी त्या फाट्याचा उद्धारही केला असेल. पण हे अंजूर गाव गंगाजी नाईकांचं. पोर्तुगीजांच्या राज्यात साष्टीतल्या लोकांवर धर्मावरून जाच होत होता. त्याविरुद्ध नाईकांनी पेशव्यांकडे वर्षानुवर्षं चकरा मारल्या. आजच्या भाषेत, हा माणूस एकच प्रपोझल घेऊन न थकता मीटिंगा करत राहिला. अखेर १७३७ मध्ये ठाणे मराठ्यांकडे आलं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. उत्तरेचा प्रांत संपला, मागे उरलं दमण. तेही १९६१ मध्ये सुटलं. चिमाजी अप्पांनी विजयासाठी वज्रेश्वरीला नवस केला होता, असं सांगतात. किल्ल्यासारखी तटबंदी असलेलं ते देऊळ भिवंडी तालुक्यातच आहे.

मग आता काय?

पुढे रेल्वे आली आणि गलबतांचा बिझनेस बसला. भिवंडीत हातमाग आले, मग यंत्रमागांचा खडखडाट. आता काल्हेर, पूर्णा, मानकोलीच्या बाजूला गोडाऊनच्या रांगाच रांगा. गंमत बघा, कारण तेच दोन हजार वर्षांपूर्वीचं. मुंबईचा किनारा एका हाताला, नाशिककडे चढणारा घाट दुसऱ्या हाताला. फक्त गलबताऐवजी कंटेनर आला.

पण एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो, ती म्हणजे पाणी. खाडीकाठच्या खाजणात आणि सखल शेतात भराव पडत गेले. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की कामवारीचं पाणी घराघरात शिरतं. २६ जुलै २००५ ला हा धडा सगळ्यांनाच मिळाला होता. ज्या पाण्याने हे गाव मोठं केलं, त्याला आपण नाला समजायला लागलो, तर ते आपला जुना पत्ता शोधत येणारच! 'भिवंडी म्हणजे खड्डे आणि गोडाऊन' असा जोक मारताना एवढं लक्षात असू द्या. आपल्याला इतिहास ठाऊक असता, तर खाडी बुजवताना निदान चार लोकांनी तरी आवाज केला असता.

वीकेंड प्लॅन

सकाळी लवकर निघा. आधी लोनाडची लेणी, मग वज्रेश्वरी, वाटलं तर गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडात पाय शेकायचे. दुसऱ्या दिवशी वसईचा किल्ला. गाडी नसेल तर दिवा-वसई मार्गावरची ट्रेन पकडा, भिवंडी रोड स्टेशन वाटेतच लागतं. खिडकीची सीट मिळवा आणि खाडी येईल तेव्हा मोबाईल खिशात ठेवा. तुम्ही एका हरवलेल्या प्रांताची बॉर्डर क्रॉस करताय, बॉस!