लेखनाचं काम मागण्याआधी ग्राहकाची माहिती काढा

घरबसल्या लेखन करून चार पैसे कमावणाऱ्या मुली आणि मुलं आता आपल्या समाजातही दिसू लागली आहेत. कुणी जाहिरातींचा मजकूर लिहितं, कुणी अनुवाद करतं. मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तिन्ही भाषा येणं ही तर मोठीच पुंजी. पण काम मागताना बहुतेक जण एकच ईमेल तयार करतात आणि पन्नास ठिकाणी पाठवून देतात. त्याला उत्तर येत नाही, आणि आलंच तर भलत्याच माणसाचं येतं. पन्नास जागा सोडा, पाचच निवडा आणि त्यांची नीट माहिती काढा, असं आम्ही सुचवू.

हज-उमरा टूरवाल्यांचंच उदाहरण घ्या. त्यांचे बरेचसे ग्राहक मराठी बोलणारे, पण माहितीपत्रक अनेकदा इंग्रजीत किंवा मशीनने केलेल्या मराठीत असतं. ते आधी वाचून काढा. पहिल्यांदाच जाणाऱ्या खाला-चाचांना काय हवं असतं? हॉटेल हरमपासून किती लांब, जेवण कसलं, व्हीलचेअर मिळेल का, पैसे परत कधी मिळतात. यातलं जे पत्रकात नाही, तेच तुमचं काम. ईमेलमध्ये “मी चांगलं लिहिते” म्हणण्यापेक्षा “तुमच्या पत्रकात परताव्याचे नियम मराठीत नाहीत, ते मी सोप्या भाषेत लिहून देऊ शकते” असं लिहिलं तर समोरचा निदान वाचेल तरी.

पण त्याआधी तो टूरवाला खरा आहे का, हे बघायला हवं. खासगी हज टूर नेणाऱ्यांची नोंदणी केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाकडे होते. त्या यादीत नाव नसताना कुणी हजचं बुकिंग घेत असेल, तर त्याच्यासाठी एक ओळही लिहू नये. हजच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या बातम्या आपण वाचतोच. तुमची गोड मराठी वाचून एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याने आयुष्यभराची बचत दिली आणि ती बुडाली, तर “मी फक्त लिहिलं” म्हणून हात झटकता येतील का? आमच्या मते नाही. कर्जाचं ॲप किंवा पैसे लावून खेळायचा गेम यांचं काम आलं, तरी हाच विचार करावा. रोजी हलाल हवी तर ग्राहक कोण, हे आधी कळायला नको का?

बाकीच्या ग्राहकांची तपासणी फारशी अवघड नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती कधी स्थापन झाली, चालू आहे की बंद, हे कळतं. जीएसटी क्रमांक दिला असेल तर जीएसटी पोर्टलवर टाकून बघा. हा क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. पोर्टलवर नाव वेगळंच निघालं तर सरळ विचारा. मात्र क्रमांक नाही म्हणजे माणूस खोटा, असंही नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नसते. छोट्या दुकानदाराबद्दल चौकशी करायला मोहल्ल्यातली माणसं पुरेशी आहेत. आधी कुणी त्यांचं काम केलं असेल तर पैसे वेळेवर मिळाले का, एवढं विचारा.

काम सुरू करण्याआधी उद्यम नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर कायदा व्याजही द्यायला लावतो. ते घ्यायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, पण मूळ रक्कम तर हक्काचीच आहे. दर, मुदत आणि किती वेळा दुरुस्ती करून देणार, हे निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

आणि एक. काम देण्याआधीच “रजिस्ट्रेशन फी” किंवा “डिपॉझिट” मागणारा ग्राहक नव्हेच. तिथे पुढची चौकशीही करू नका. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.