मत एका प्रभागात, दुकान दुसऱ्यात

रविवार पेठेतील एखाद्या बोळातला दिवा गेला, की पेढीवरचा उपाय ठरलेला असतो. मुनीमजी ओळखीच्या वायरमनला निरोप धाडतात, दुकानाच्या पाटीवर स्वखर्चाने एक जादा दिवा लागतो आणि विषय तेथेच मिटतो. गटार तुंबले तर कोणाला तरी चार पैसे देऊन ते मोकळे करून घेतले जाते. रात्री अनोळखी माणसे घुटमळताना दिसू लागली, तर शेजारपाजारचे दुकानदार वर्गणी काढून पहारेकरी ठेवतात. व्यापारी कुटुंबांची ही रीत जुनी आहे आणि तिच्यात एक प्रकारचा स्वाभिमानही आहे: काम होते, कोणाचे उपकार राहत नाहीत, धंद्याचा वेळ वाया जात नाही.

पण या सगळ्याची नोंद कोठेच होत नाही. महापालिकेच्या दप्तरी तो दिवा चालूच असतो, गटार वाहतेच असते, आणि पोलिसांच्या लेखी त्या बोळात कधी काही घडलेलेच नसते. पुढील वर्षीचा निधी वाटला जातो, गस्तीचे मार्ग ठरतात, तेव्हा ज्या भागातून तक्रार आली नाही तो भाग सुखी मानला जातो. आपल्या खिशातून प्रश्न सोडवणारा माणूस असा दोनदा पैसे मोजतो. एकदा मालमत्ता कर भरताना आणि पुन्हा वायरमनच्या हातावर ठेवताना.

पुण्यातील अनेक व्यापारी कुटुंबांच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. पूर्वी खाली दुकान आणि वर घर असे. दुकानासमोरचा रस्ता तोच घरासमोरचा रस्ता, आणि मतही तेथलेच. गेल्या दोन पिढ्यांत घरे बिबवेवाडी, सातारा रस्ता, मार्केट यार्डाच्या परिसराकडे सरकली. दुकाने मात्र रविवार पेठ, भवानी पेठ, लक्ष्मी रस्ता येथेच राहिली. मत एका प्रभागात आणि दुकान दुसऱ्यात, अशी ही विभागणी झाली. दिवसाचे दहा-बारा तास जेथे जातात, कुटुंबाची सारी पुंजी जेथे गुंतलेली आहे, तेथील नगरसेवकाला या माणसाच्या मताची गरज नाही. आणि जेथे मत आहे तेथे तो फक्त झोपायला जातो. दोन्हीकडून त्याचा आवाज निम्मा होतो.

महापालिकेशी व्यापाऱ्याचा रोजचा संबंध होता तोही सुटला. जकातीच्या काळात माल नाक्यावर अडे, पावत्या फाटत, भांडणे होत; पण पालिका म्हणजे काय हे व्यापाऱ्याला दररोज कळे. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि राज्यभरच्या बाजारपेठांनी शटर खाली ओढून बंद पुकारला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतील उलाढालीला त्या करातून सूट मिळाली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईची जकातही इतिहासजमा झाली. त्या लढ्यात व्यापाऱ्यांची एकजूट साऱ्या राज्याने पाहिली. कर कसा घेतला जातो यासाठी जे हजारोंनी रस्त्यावर उतरले, त्यांतील किती जण त्या पैशाचे पुढे काय होते हे पाहण्यासाठी एखाद्या बैठकीला गेले, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

अशा बैठकांना घटनेचा आधार आहे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्रातील कायद्यानुसार या समितीत त्या भागातील नगरसेवक आणि प्रभागाचा अधिकारी असतोच. शिवाय त्या भागात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांमधून जास्तीत जास्त तीन सभासद नामनिर्देशित करता येतात. पाणी, मलनिस्सारण, स्वच्छता यांच्या तक्रारी लवकर सोडवणे, प्रभागाच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारस करणे आणि अर्थसंकल्पात तरतूद असलेल्या लहान कामांना मंजुरी देणे, हे तिचे काम. रुग्णालये, अन्नछत्रे, विद्यार्थी वसतिगृहे चालवणाऱ्या कितीतरी विश्वस्त संस्था आपल्या समाजात आहेत. त्या तीन जागांचा विचार त्यांनी क्वचितच केला असेल. त्या जागांवर पक्षाचे कार्यकर्ते बसवले जातात ही तक्रार जुनीच आहे, आणि ती खरीही आहे. पण दुसऱ्या कोणी नावच पुढे केले नाही तर जागा कोणाला मिळणार?

पुण्यात याहून सोपी एक वाट आहे. २००६ पासून येथील महापालिका पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून कामे मागवते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, काम सार्वजनिक जागेतील हवे, आणि एका कामाच्या खर्चाची मर्यादा साधारण पाच लाख रुपयांची. पदपथ, पथदिवे, बसथांब्यावरचे छत, बाके, स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामे यातून होतात. एकूण अर्थसंकल्पाच्या मानाने ही रक्कम फारच लहान आहे, आणि सुचवलेले प्रत्येक काम होतेच असे नाही. तरीही पहाटे काळोखात अनवाणी विहार करणाऱ्या साधु-साध्वींच्या वाटेवर सलग पदपथ आणि दोन दिवे हवे असतील, तर त्यासाठी पाच लाख पुष्कळ होतात. अडचण वेळेची आहे. अर्जांची मुदत बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात येते, आणि नेमके तेव्हाच गणपती, पर्युषण, नवरात्र आणि दिवाळीच्या मालाची जुळवाजुळव यांत दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते.

पोलिसांची गोष्ट वेगळी. पोलीस हा राज्याचा विषय. नगरसेवकाला पोलीस निरीक्षकावर हुकूम चालवता येत नाही, आणि महापालिकेच्या सभेत ‘गस्त वाढवा’ असा ठराव झाला तरी ती विनंतीच ठरते. म्हणून दुकानफोडीची तक्रार घेऊन नगरसेवकाकडे जाणारा आणि बंद दिव्याची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जाणारा, दोघेही चुकीच्या दारात उभे असतात. खरे तर दोन्ही प्रश्न एकाच बोळातले असतात. तेथे अंधार आहे म्हणून चोरी होते, आणि अंधार महापालिकेचा, चोरी पोलिसांची.

ही दोन्ही खाती एका खोलीत बसवण्याचे मोल भिवंडीने दाखवून दिले. १९८४ च्या दंगलीत हे यंत्रमागांचे गाव होरपळले होते. पुढे १९८८ मध्ये तेथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे पोलिसांसह नियमित एकत्र बसू लागली. विषय मोठे नव्हते. किरकोळ भांडणे, शेजारपाजारच्या कुरबुरी, रोजच्या गैरसोयी. परंतु त्यातून माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. ज्यांचे माग आणि माल १९८४ मध्ये जळाले, त्यांना या बैठकांची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुण्यातील क्षेत्रीय कार्यालयांतही मोहल्ला कमिटीच्या बैठका भरतात. महापालिकेचे अधिकारी असतात, पोलीस येतात, कधी वीज मंडळाचाही माणूस असतो. २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. नगरसेवक नसताना नागरिकांना समोरासमोर बोलण्याची एवढीच जागा उरली होती. या बैठका आदर्श असतात असे नाही. अधिकारी येतच नाही, किंवा ज्याला कसलाच अधिकार नाही असा कनिष्ठ अभियंता पाठवला जातो. गेल्या महिन्यातील तक्रार या महिन्यात त्याच शब्दांत पुन्हा वाचली जाते. एखादे गृहस्थ अर्धा तास स्वतःच्याच इमारतीच्या पार्किंगवर बोलतात. धंदा सोडून आलेल्या माणसाला हे असह्य होते आणि तो पुन्हा फिरकत नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण पोलीस ठाण्यालाच नव्हे, तर नकळत क्षेत्रीय कार्यालयालाही लावून टाकली आहे.

तरी घाटकोपरची जोशी लेन विसरता येत नाही. गुजराती व जैन कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या या उपनगरातील एका गल्लीने १९९६-९७ च्या सुमारास ओला आणि सुका कचरा वेगळा करायला सुरुवात केली आणि महापालिकेला आपल्याबरोबर काम करायला लावले. गल्लीगल्लीतील रहिवाशांचे गट आणि प्रभाग कार्यालय यांनी नियमित भेटण्याची मुंबईची पद्धत तेथून रुजली. त्यासाठी कोणी मोर्चा काढला नव्हता.

दुकानाच्या ऐन गर्दीच्या वेळी भरणाऱ्या बैठकीला गल्ल्यावरच्या माणसाने जावे, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. पण प्रत्येक घरात असे कोणीतरी असते, ज्यांनी कारभार मुलांच्या हाती सोपवला आहे आणि दुपारी पेढीवर नुसते बसणे ज्यांना जड जाते. त्यांनी आयुष्यभर येणे वसूल केले आहे. गोड बोलून, पण तारीख न विसरता. घरातील स्त्रियांनाही यातले बरेच काही दुकानदारापेक्षा नेमके ठाऊक असते. शाळा सुटताना कोणत्या चौकात रिक्षा उलट्या येतात, मंदिराकडे किंवा स्थानकाकडे जाताना कोणत्या वळणावर गळ्यातील साखळीवर हात ठेवावा लागतो, हे त्याच सांगू शकतात.

बैठकीला जाणाऱ्याने बरोबर एक वही न्यावी. उधारीच्या खात्यासारखीच ती आखावी: डावीकडे तारीख आणि तक्रार, मध्ये अधिकाऱ्याचे नाव व त्याने तोंडी दिलेली मुदत, उजवीकडे काम झाल्याचा दिवस. बैठकीचे इतिवृत्त मागून घ्यावे आणि पुढल्या वेळी मागील पान उघडूनच बोलायला उभे राहावे. बोळातल्या दिव्याची नोंद पहिल्या पानावर येईल. समोरचा रकाना रिकामा असेल, तोवर ते येणे बाकीच धरायचे.