बुडाची मुक्ती आणि तिची किंमत

परकी सत्ता गेली की स्वातंत्र्य आलेच, अशी समजूत सर्वत्र आढळते. डॅन्यूबकाठच्या बुडा नगरीचा १६८६ सालचा वेढा या समजुतीला छेद देतो, म्हणूनच त्याचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

हंगेरीची ही राजधानी १५४१ मध्ये सुलतान सुलेमानाने घेतली. तेथील प्रमुख चर्चची मशीद झाली आणि जवळजवळ दीडशे वर्षे तुर्की पाशांचा अंमल चालला. १६८३ मध्ये व्हिएन्नापुढे तुर्कांचा पराभव झाला आणि पारडे फिरले. १६८४ चा वेढा फसला, पण १६८६ च्या जूनमध्ये लोरेनचा ड्यूक चार्ल्स व बव्हेरियाचा मॅक्स इमॅन्युएल यांच्या फौजा पुन्हा तटाला भिडल्या. जुलैत किल्ल्यातील दारूकोठार उडून तटाला खिंडार पडले. तरीही वृद्ध सुभेदार अब्दुर्रहमान पाशाने शरणागती नाकारली. २ सप्टेंबरच्या अखेरच्या हल्ल्यात तो लढता लढता पडला आणि तुर्की अंमल संपला.

मात्र मुक्त झालेल्या नगरीत मुक्ती भोगावयास उरले कोण? विजयी सैनिकांनी लूट केली, मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची कत्तल केली, वाचलेल्या अनेकांना बंदी करून नेले. वेढ्यातील तोफांनी व आगींनी नगर उद्ध्वस्त झाले होते. पुढच्याच वर्षी हंगेरीच्या विधिसभेने हाब्सबुर्ग घराण्याचा राजपदावरील वंशपरंपरागत हक्क मान्य केला, आणि राजाने मर्यादा ओलांडल्यास त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलण्याचा उमरावांचा १२२२ पासूनचा अधिकार सोडून दिला. सुलतान गेला, सम्राट आला! १७०३ मध्ये राकोत्सीच्या नेतृत्वाखाली हंगेरियन उठले, ते व्हिएन्नाविरुद्ध.

तथापि काळाने वैराची धार बोथट केली. तुर्कांनी बांधलेल्या रुदाश स्नानगृहात लोक आजही उष्णोदकाचे स्नान करतात. पाशाच्या स्मरणार्थ बुडाच्या किल्ल्यावर १९३२ मध्ये स्मारकशिला उभारण्यात आली. तीत त्याला शूर शत्रू म्हणून गौरवून त्याच्यासाठी शांती चिंतिली आहे.

आमच्या मते या वेढ्याचा खरा बोध येथेच आहे. तट जिंकणे हे सेनेचे काम. पण नव्या राज्यात सामान्य रहिवाशाचा जीव आणि प्रजेचे हक्क सुरक्षित राहिले की नाही, यावरच मुक्तीची कसोटी लागते. १६८६ चे विजेते त्या कसोटीला उतरले नाहीत. शत्रूच्या शौर्याला मान देण्याचे औदार्य पुढच्या पिढ्यांनी दाखविले, यात मात्र त्या नगरीचे मोठेपण आहे.